बोलण्याच्या काठावर

1936 सालच्या 'स्विंग टाइम'मध्ये फ्रेड अस्टेअर पियानोशी बसून एक प्रेमगीत म्हणतो. ज्या रूपाचं तो कौतुक करतोय ती जिंजर रॉजर्स आतल्या खोलीत डोकं धूत असते. गाणं ऐकता ऐकता तिचं भान हरपतं. डोक्यावर साबणाचा पांढरा फेस तसाच घेऊन ती बाहेर येते, त्याच्या खांद्यावर हात ठेवते आणि मग आपला अवतार लक्षात येऊन पळ काढते. चाल जेरोम कर्नची, शब्द डोरोथी फील्ड्सचे. 'द वे यू लुक टुनाइट' या गाण्याला ऑस्कर मिळालं, पुढे कितीतरी मोठ्या गळ्यांनी ते गायलं. पण तो फेस नसला की मला ते अपुरं वाटतं. रूपाची स्तुती चालू असताना ते रूप असं अस्ताव्यस्त असावं, यातच त्या प्रेमाचा खरेपणा आहे.

जुन्या हॉलिवूड संगीतपटांतली गाणी आज बहुतेक जण चित्राविना ऐकतात. चाली इतक्या भक्कम आहेत की तशीही ती उभी राहतात. तरी त्यांची खरी करामत चालीच्या आधीच्या क्षणात आहे असं मला ठामपणे वाटतं. माणूस बोलत असतो, वाक्य जरा लांबतं, श्वास बदलतो आणि कधी तो गायला लागला हे कळतही नाही. बोलणं आणि गाणं यांच्यामधला हा काठ ज्यांनी नीट बांधला त्यांची गाणी टिकली.

अस्टेअरचा आवाज बारीक होता, पल्ला बेताचा. तरीही अर्व्हिंग बर्लिन, कर्न, गर्श्विन बंधू यांनी आपल्या उत्तम चाली त्याच्यासाठी केल्या, कारण तो शब्द टाकायचा तो बोलल्यासारखा. त्या काळी गाण्याचा साचा 32 मात्राखंडांचा असे: एकच चाल दोनदा, मग वेगळं वळण, मग पुन्हा मूळ चाल. आपल्या मुखडा-अंतऱ्याला हे फार परकं नाही. बर्लिनने 'टॉप हॅट'मधल्या (1935) 'चीक टू चीक'साठी तो साचा मोडून गाणं 72 खंडांपर्यंत नेलं, आणि अस्टेअरने ते इतक्या सहज पेललं की त्या लांबीची जाणीवच होत नाही. 'शॅल वी डान्स'मध्ये (1937) गर्श्विनचं विरहगीत धुक्यात निघालेल्या फेरीबोटीवर येतं, आणि तिथे अस्टेअर-रॉजर्स नाचतच नाहीत. दोन नर्तकांना स्थिर उभं ठेवायचं हा केवढा धीट निर्णय! त्याच गाण्यावर ते नाचले 1949 मध्ये, त्यांच्या दहाव्या आणि शेवटच्या चित्रपटात.

'ओव्हर द रेनबो'ची गोष्ट वेगळी. हॅरोल्ड आर्लेनने पहिल्या दोन स्वरांतच मध्य सा वरून थेट तार सा गाठला आहे. गाण्याची सुरुवात अशी झेपेने करणं गायकाला अवघड, पण चित्रपटात ते गाणाऱ्या कॅन्ससच्या माळावरच्या मुलीला जायचंच आहे दूर. लगेच पुढची झेप सा ते धैवत, म्हणजे थोडी आखूड. उडायचं आणि दर वेळी जरा कमी उंच पोचायचं, ही ओढ स्वरांतच आहे. मधल्या वळणावर चाल दोन स्वरांमध्ये पाळण्यासारखी हेलकावत राहते, तेव्हा गाणारी अजून लहान आहे हे आठवतं. ती भूमिका करणारी ज्युडी गारलंड चित्रीकरणाच्या वेळी 16 वर्षांची होती. 1939 मध्ये प्रदर्शनापूर्वीच्या खेळांनंतर हेच गाणं चित्रपटाचा वेग मंदावतं म्हणून कापायला निघाले होते. आर्थर फ्रीडने ते राखलं.

हाच फ्रीड पुढे एमजीएम स्टुडिओत संगीतपटांचा कर्ता झाला. 'सिंगिंग इन द रेन'मधली (1952) बहुतेक गाणी त्याने नॅसिओ हर्ब ब्राऊनबरोबर आधीच केलेली, जुनीच. शीर्षकगीत तर 1929 च्या चित्रपटातलं. मग नवं काय? नवा आहे तो काठ. जीन केली टॅक्सी परत पाठवतो, पावसात चालू लागतो आणि शब्दांआधी नुसतं गुणगुणतो. ती गुणगुण रॉजर ईडन्सने खास या प्रसंगासाठी रचली. तिच्यामुळे पुढचं सगळं पटतं: छत्री मिटणं, दिव्याच्या खांबावर चढणं, डबक्यांतला धिंगाणा. केलीच्या अंगात तेव्हा ताप होता, हे पडद्यावर शोधूनही सापडत नाही.

मराठी प्रेक्षकाला पात्राने मध्येच गाणं यात काही वावगं वाटत नाही. 1882 च्या 'सौभद्रा'पासून आपले कान त्याला सरावलेले आहेत. मात्र आपल्या रंगभूमीवर पद सुरू झालं की नाटक थांबे आणि मैफल सुरू होई, 'वन्स मोअर' आला की पुन्हा तेच. हॉलिवूडच्या गाण्याला ही मुभा नव्हती. तीन-चार मिनिटांत त्याला पात्राला एका जागेवरून दुसऱ्या जागी न्यावं लागे. आनंद दोन्हींत आहे, पण कसोट्या निराळ्या.

या वैभवाची दुखरी बाजू सांगितल्याशिवाय त्यावर प्रेम करणं मला जमत नाही. लीना हॉर्नसारख्या कृष्णवर्णीय गायिकेची गाणी एमजीएमच्या चित्रपटांत कथेपासून सुटी ठेवली जात, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतल्या चित्रपटगृहांना ती सहज कापता यावीत. माझ्या लाडक्या 'स्विंग टाइम'मध्येही अस्टेअर चेहरा काळा रंगवून नाचतो. आज तो भाग पाहताना मान खाली जाते.

आणि उसने आवाज. 'द किंग अँड आय'मध्ये डेबोरा कर, 'वेस्ट साइड स्टोरी'त नॅटली वूड, 'माय फेअर लेडी'त ऑड्री हेपबर्न, या तिघींसाठी गायली मार्नी निक्सन, आणि तिन्ही वेळा पडद्यावर तिचं नाव नव्हतं. आपल्याकडे 'महल'च्या (1949) ध्वनिमुद्रिकेवर लताबाईंऐवजी 'कामिनी' हे पात्राचं नाव छापलं होतं, पण तो अन्याय पुढे दूर झाला. पार्श्वगायिका ही स्वतंत्र कलावती म्हणून आपण मानली. हॉलिवूडने ती लपवली, कारण बोलणारा तोच गाणारा या भ्रमावर त्यांचा सगळा काठ उभा होता.

'द साउंड ऑफ म्युझिक'च्या (1965) अफाट यशानंतर स्टुडिओंनी अवाढव्य संगीतपट काढले आणि त्यांतले बरेचसे बुडाले. त्याहून मोठं नुकसान झालं ते धिटाईचं. 'कॅबरे'ने (1972) जवळजवळ सगळी गाणी क्लबच्या रंगमंचावर नेली. 'शिकागो'ने (2002) ती नायिकेच्या कल्पनेत ठेवली. दोन्ही चित्रपट उत्तम आहेत, पण दोघांनाही गाण्यासाठी निमित्त लागलं. अलीकडे तर 'वोंका'सारख्या चित्रपटांच्या जाहिरातींत गाणीच दाखवली नाहीत. संगीतपटाने आपण संगीतपट असल्याचं लपवावं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. 'ला ला लँड'मध्ये (2016) बरीच गाणी फिकी आहेत. पण एमा स्टोन निवड-चाचणीला आपल्या मावशीची गोष्ट सांगू लागते आणि सांगता सांगता गायला लागते, तिथे तो जुना काठ पुन्हा सापडतो. ते गाणं सेटवरच, कॅमेऱ्यासमोर ध्वनिमुद्रित केलं होतं. त्यातला कापरा श्वास स्टुडिओत आला नसता.

स्टीव्हन स्पीलबर्गच्या 2021 च्या 'वेस्ट साइड स्टोरी'त तर काही हिशेब चुकता झाल्यासारखं वाटतं. 1961 च्या चित्रपटात 'समव्हेअर' हे गाणं दोन तरुण प्रेमिकांचं होतं, आणि आवाज दोघांचेही उसने. अनिताचं काम करणाऱ्या रीटा मोरेनोच्याही एका महत्त्वाच्या गाण्यात दुसरीचा आवाज वापरला होता. साठ वर्षांनी स्पीलबर्गने 'समव्हेअर' मोरेनोला दिलं. आता ती दुकान चालवणारी म्हातारी विधवा आहे. रात्री दुकानात एकटी असताना ती बोलल्यासारखीच सुरुवात करते, स्वर थकलेला, टोकाला जरा फाटणारा. आणि या वेळी तो तिचा स्वतःचा आहे.