हाडे, अफवा आणि वृत्तपत्रे : १८३१च्या कलकत्त्यातील क्षोभाचे कथन

(१)

२३ ऑगस्ट १८३१ रोजी कलकत्त्यात कृष्णमोहन बंद्योपाध्याय यांच्या घरी त्यांचे काही तरुण मित्र जमले होते. कृष्णमोहन स्वतः त्या वेळी घरी नव्हते. मित्रांनी गोमांस खाल्ले, उरलेली हाडे शेजारच्या ब्राह्मणाच्या घरात फेकली आणि ती कशाची आहेत हे ओरडून सांगितले. शेजारी चवताळून धावून आले. कृष्णमोहनांना त्यांच्या आप्तांनी घराबाहेर काढले आणि दक्षिणारंजन मुखोपाध्याय यांच्याकडे आश्रय घेण्याची वेळ त्यांच्यावर आली. कृष्णमोहनांचे वय त्या वेळी अठरा वर्षांचे, दक्षिणारंजनांचे त्याहूनही थोडे कमी.

बंगाली प्रबोधनाच्या बहुतेक इतिहासांत ही घटना येते. परंतु ती पुराव्याच्या किंवा दाखल्याच्या रूपाने येते. सनातनी परंपरेच्या दृष्टीने तो इंग्रजी शिक्षणाच्या दुष्परिणामांचा पुरावा असतो, तर उदारमतवादी परंपरेच्या दृष्टीने बंडखोरीच्या अतिरेकाचा, पण समजून घेण्याजोगा, दाखला. दोन्ही परंपरांनी ती एका तयार कथनाच्या चौकटीतून वाचली आहे. ही चौकट कोणी, केव्हा आणि कोणत्या वाङ्मयीन साधनांनी घडवली, या प्रश्नाचा विचार येथे करावयाचा आहे.

(२)

प्रथम कालक्रम पाहणे आवश्यक आहे. हेन्री लुई व्हिव्हियन डेरोझिओ हा हिंदू कॉलेजातील तरुण शिक्षक या साऱ्या प्रकरणाचा सूत्रधार मानला जातो. त्याच्या शिकवणुकीची परिणती म्हणजे ऑगस्टमधील हा प्रकार, अशी मांडणी वारंवार आढळते. वस्तुतः कॉलेजच्या व्यवस्थापकांची डेरोझिओविषयीची बैठक २३ एप्रिल १८३१ रोजी झाली आणि त्याने २५ एप्रिलला राजीनामा दिला. म्हणजे हाडे फेकली गेली, त्याच्या बरोबर चार महिने आधी त्याच्याविषयीचा निर्णय झालेला होता. ज्याला आपण परिणाम म्हणतो त्याच्या आधीच शिक्षा होऊन गेली होती.

त्या बैठकीपुढील प्रश्नांची शब्दयोजना अभ्यासण्यासारखी आहे. डेरोझिओची मते विद्यार्थ्यांवर झालेल्या परिणामांवरून जितकी कळू शकतात तितक्यांवरून तो शिक्षक म्हणून अयोग्य ठरतो काय, हा पहिला प्रश्न. त्यावर बहुमत त्याच्या विरोधात गेले नाही. मग दुसरा प्रश्न पुढे आला : हिंदू समाजातील सध्याची लोकभावना पाहता त्याला काढणे इष्ट आहे काय? या प्रश्नाला मात्र होकार मिळाला. दोष सिद्ध झाला नाही. क्षोभ सिद्ध झाला, आणि तेवढे पुरेसे ठरले. आपल्याला ऐकून न घेता दोषी ठरवले गेले, ही डेरोझिओची तक्रार होती. कॉलेजचे अभ्यागत एच. एच. विल्सन यांना २६ एप्रिलला पाठवलेल्या उत्तरात त्याने आपली अध्यापनरीती स्पष्ट केली. ईश्वराविषयी ह्यूमचा संशयवाद आपण विद्यार्थ्यांपुढे ठेवला, तसेच रीड आणि ड्युगल्ड स्टुअर्ट यांनी त्याला दिलेली उत्तरेही ठेवली, असे त्याने लिहिले. दोन्ही बाजू मांडणे हा शिक्षकाचा धर्म आहे, हा त्याचा दावा; आणि हाच दावा क्षोभाच्या भाषेत अनुवादित होऊ शकत नव्हता.

विल्सन यांना विचारावे लागलेले इतर प्रश्नही बोलके आहेत. मातापित्यांचा मान राखणे हे कर्तव्य नाही असे तुम्ही शिकवता काय? बहीणभावांचा विवाह निर्दोष मानता काय? असले प्रश्न वर्गातून येत नाहीत, ते अफवेतून येतात. शिवनाथ शास्त्री यांनी ‘रामतनु लाहिड़ी ओ तत्कालीन बंगसमाज’ (१९०४) या ग्रंथात वृंदावन घोषाल नावाच्या एका गरीब ब्राह्मणाचे चित्र रेखाटले आहे. सकाळी गंगास्नान उरकून श्रीमंतांच्या घरोघर जायचे आणि शहरातल्या बातम्या पोहोचवायच्या, हा त्याचा व्यवसाय. छापील पत्राच्या बरोबरीने हे चालतेबोलते पत्रही कलकत्त्यात कार्यरत होते, हे विसरता येत नाही.

(३)

हा क्षोभ उत्स्फूर्त होता, असे मानण्यासही जागा नाही. ४ डिसेंबर १८२९ रोजी सतीबंदीचा कायदा झाला आणि त्याला विरोध करण्यासाठी जानेवारी १८३० मध्ये धर्मसभा स्थापन झाली. सह्या गोळा करणे, निधी उभारणे, विलायतेपर्यंत अर्ज नेणे आणि विरोधकांवर बहिष्कार घालणे ही आधुनिक चळवळीची साधने तिने आत्मसात केली होती. तिचे चिटणीस भवानीचरण बंद्योपाध्याय हेच १८२२ पासून निघणाऱ्या ‘समाचार चंद्रिका’ या पत्राचे संपादक होते. चळवळ आणि वृत्तपत्र यांचे असे एकत्व लक्षात घेतले, म्हणजे क्षोभाची बातमी देणारा आणि क्षोभ उभा करणारा यांतील अंतर किती कमी होते हे दिसते.

भवानीचरण केवळ संपादक नव्हते, ते उपहासकारही होते. ‘नवबाबुविलास’ (१८२५) या कृतीत त्यांनी नवश्रीमंताच्या बिघडलेल्या मुलाची कथा सांगितली आहे. भोळा बाप, हाताशी आलेला पैसा, खुशमस्कऱ्यांची संगत आणि अखेर अधःपात, असा तिचा क्रम. १८३१ मधील बंगाली पत्रांतून हिंदू कॉलेजच्या विद्यार्थ्यांविषयी जो मजकूर आला, त्यात हाच सांगाडा पुन्हा दिसतो. एक प्रसिद्ध किस्सा असा : बापाने मुलाला कालीघाटच्या मंदिरात नेले, तर मुलाने देवीला दंडवत घालण्याऐवजी तिला ‘मॅडम’ संबोधून इंग्रजीत सुप्रभात चिंतिले. हा प्रसंग घडला असेल वा नसेल. परंतु त्याची रचना पाहावी. व्यथित पिता, निर्लज्ज पुत्र, साक्षीला देवता आणि शेवटी हशा पिकवणारे एक परभाषिक वाक्य. हे प्रहसनाचे तंत्र आहे. मुलाच्या मनात काय होते, हे सांगण्याची सोयच या आकृतिबंधात नाही.

येथे एक विसंगती नोंदवली पाहिजे. नवबाबूचा दोष तो वाचत नाही हा होता. या मुलांचा दोष ती फार वाचतात हा होता. परस्परविरुद्ध अशा दोन व्यक्तिरेखा एकाच साच्यात बसवल्या गेल्या, आणि साचा इतका बळकट ठरला की १८६० मध्ये मायकेल मधुसूदन दत्तांनी ‘एकेइ कि बले सभ्यता’ या प्रहसनात ज्ञानतरंगिणी सभेचे मद्यपी सभासद रंगवले तेव्हाही तोच कामी आला. मधुसूदन स्वतः हिंदू कॉलेजचे विद्यार्थी होते. ज्यांच्याविषयी तो साचा घडला, त्यांच्याच वारसाने तो वापरला.

(४)

तथापि या तरुणांना आवाज नव्हता, असे म्हणणे चुकीचे होईल. कृष्णमोहनांचे ‘एन्क्वायरर’ हे इंग्रजी पत्र मे १८३१ मध्ये, तर दक्षिणारंजनांचे ‘ज्ञानान्वेषण’ जूनमध्ये सुरू झाले. सनातनी बाजूने त्यांची खिल्ली उडवणाऱ्या ‘संवाद प्रभाकर’चे संपादक ईश्वरचंद्र गुप्त यांचा जन्म १८१२चा, म्हणजे तेही एकोणीस वर्षांचेच. ‘बहकलेले तरुण विरुद्ध जाणते वडीलधारे’ हे क्षोभाचे आवडते चित्र, पण प्रत्यक्षात लेखण्या दोन्हीकडे समवयस्कांच्या हाती होत्या.

त्याच वर्षी कृष्णमोहनांनी ‘द पर्सिक्यूटेड’ हे पंचांकी इंग्रजी नाटक लिहिले. निषिद्ध अन्न खाल्लेला पुत्र आणि लोकलज्जेने हवालदिल झालेला पिता हा त्याचा गाभा. नाट्यगुणांच्या दृष्टीने ते कच्चे आहे; त्यातील सनातनी पात्रे ढोंगी म्हणूनच येतात, म्हणजे येथेही प्रतिपक्षाचा साचाच वापरला गेला आहे. परंतु पित्याचे दुःख लेखकाने हास्यास्पद केलेले नाही. वृत्तपत्रीय किस्स्याला जे जमले नाही ते या नाटकाने निदान एका जागी साधले : पित्याची आणि पुत्राची व्यथा एकाच वेळी खरी असू शकते, हे मान्य केले.

आणि तरीही एक व्यक्ती या नाटकाबाहेर, ‘एन्क्वायरर’बाहेर आणि ‘चंद्रिके’बाहेरही राहिली. ती म्हणजे ज्याच्या घरात हाडे पडली तो शेजारी. सनातन्यांसाठी तो अपमानित हिंदू समाज झाला, सुधारकांसाठी अंधश्रद्धेचे प्रतीक. विचार करणे आणि दुसऱ्याच्या घरात हाडे फेकणे या दोन कृती भिन्न आहेत. पहिलीचा हक्क मागताना दुसरीची चूक कबूल करता येते. हा साधा विवेक मांडायला कोणत्याही पक्षाच्या कथनात जागा उरली नव्हती. परिणाम असा की ज्यांनी हाडे फेकली ते इतिहासात बहुतांशी अनाम राहिले आणि जो घरी नव्हता त्याला घर सोडावे लागले. १७ ऑक्टोबर १८३२ रोजी कृष्णमोहनांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला; क्षोभकर्त्यांनी आपले भाकीत खरे ठरले असे मानले. भाकिताने परतीचे दार बंद केले होते, हे त्यांनी लक्षात घेतले नाही.

(५)

मराठी अभ्यासकाला येथे मुंबईचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी निघाले. त्याचे संपादक बाळशास्त्री जांभेकर त्या वेळी विशीच्या आसपासचे होते. १८४३ मध्ये श्रीपत शेषाद्री या मिशनऱ्यांकडे राहिलेल्या अल्पवयीन ब्राह्मण मुलाला न्यायालयाने बापाच्या स्वाधीन केले आणि त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावे की नाही यावरून मोठे वादळ उठले. बाळशास्त्री त्याच्या बाजूने उभे राहिले आणि त्याबद्दल त्यांनी स्वजातीयांचा रोष पत्करला. त्यांची भूमिका कलकत्त्यातील दोन्ही पक्षांहून वेगळी होती. मूल कशाचे लक्षण आहे, हा त्यांचा प्रश्न नव्हता. मूल परत कसे येईल, हा होता. पुढे परमहंस सभेने जातिभेदाविरुद्धचे सहभोजन गुप्त ठेवले आणि १८६० मध्ये ते उघडकीस येताच सभा विस्कटली. कलकत्त्याचा उघडा उद्दामपणा आणि मुंबईची गुप्तता या एकाच भयाच्या दोन बाजू आहेत, असे म्हणता येईल.

हे सारे गतकालीन म्हणून बाजूला ठेवता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये वॉशिंग्टनच्या लिंकन स्मारकापाशी शाळकरी मुले आणि एक वृद्ध आदिवासी कार्यकर्ता समोरासमोर आले. एका छोट्या चित्रफितीवरून जगभर संताप उसळला. नंतरच्या दीर्घ चित्रीकरणात तिसराच एक गट आधीपासून हिणकस शेरेबाजी करत असल्याचे दिसले. तेव्हा अनेकांनी आपला निर्णय बदलला, म्हणजे बहुधा उलटा केला. आधीचे खलनायक निष्पाप झाले आणि आधीचा नायक संशयित. साचा मात्र तोच राहिला.

क्षोभाच्या संहिता वाचताना म्हणूनच तीन गोष्टी पुनःपुन्हा विचाराव्या लागतात : आधी काय घडले, ही कथा कोणत्या वाङ्मयप्रकारातून उचलली आहे, आणि कोणाला बोलूच दिलेले नाही. १८३१च्या कलकत्त्यात या प्रश्नांची उत्तरे उपलब्ध होती. तारखा ठाऊक होत्या, डेरोझिओचे पत्र विल्सन यांच्या हाती होते, शेजारी भिंतीपलीकडेच राहत होता. नव्हती ती विचारण्याइतकी सवड.