जुन्या सांगाड्यात नवे इंजिन

जुन्या मोटारींच्या मेळाव्यात एखाद्या गाडीचे बॉनेट उघडते, आत मूळच्या जागी नवे इंजिन दिसते आणि जमलेल्या मंडळींचा पहिला प्रश्न येतो : किती अश्वशक्ती? आमची तक्रार या प्रश्नाबद्दलच आहे. इंजिनबदलाचा प्रयोग साधला की फसला, हे त्या एका आकड्यावरून कळत नाही. पुराव्यासाठी परदेशी मासिके चाळण्याची गरज नाही. आपल्या कारखान्यांनीच हा प्रयोग पुनःपुन्हा केलेला आहे.

सर्वांत बोलके उदाहरण मुंबईच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचे. पद्मिनीच्या जोडीला या कंपनीने १९८५ साली ‘११८ एनई’ ही गाडी आणली. सांगाडा इटलीच्या फियाट १२४ चा, म्हणजे १९६६ सालचा, आणि इंजिन जपानच्या निसानचे. ‘एनई’ ही अक्षरे ‘निसान इंजिन’चीच. त्या काळी ही गाडी नवी-कोरी म्हणून मिरवली. पण ते ए-१२ जातीचे इंजिनही १९७० च्या सुमाराचेच होते. विद्यार्थ्यांना येथे एक छान गणित घालता येईल. सिलिंडरचा व्यास ७३ मिलिमीटर, दट्ट्याची धाव ७० मिलिमीटर, सिलिंडर चार. वर्तुळाचे क्षेत्रफळ काढून त्याला धावेने व चारने गुणले की ११७१ घन सेंटिमीटरच्या आसपास उत्तर येते. फियाटच्या मूळ इंजिनाचा व्यास नेमका तेवढाच, धाव मात्र ७१.५ मिलिमीटर, त्याचे उत्तर ११९७. मूळ इंजिन सुमारे ६० अश्वशक्तीचे होते, निसानचे ५२ चे. म्हणजे बदलात शक्ती घटली! तरीही आमच्या मते हा बदल शहाणपणाचा होता. जो सांगाडा, जे स्प्रिंग आणि जो मागचा आस ६० अश्वशक्तीचा भार सोसण्यासाठी आखलेला, त्याला ५२ चा भार जड नव्हता. शिवाय निसानचे इंजिन साधे आणि टिकाऊ होते. याच फियाट १२४ वरून रशियात १९७० पासून ‘लाडा’ तयार होऊ लागली, तेव्हा तिथल्या अभियंत्यांनीही मूळ इंजिन नाकारून वेगळ्या रचनेचे घेतले होते. सांगाडा एक आणि इंजिने तीन, असा हा संसार आहे.

हिंदुस्थान मोटर्सची कहाणी याच्या उलट. १९८४ च्या काँटेसात अंग व्हॉक्सहॉलचे, पण पोटात अँबॅसडरचेच १४८९ घन सेंटिमीटरचे इंजिन. दिसायला ऐटबाज, पळायला जड. पुढे तिला इसुझूचे १८१७ घन सेंटिमीटरचे इंजिन मिळाले, आणि नव्वदीच्या दशकात तेच अँबॅसडरमध्ये शिरले. तिथे मात्र पाच गिअरांची नवी पेटीही द्यावी लागली. इंजिन एकटे येत नाही, वऱ्हाड घेऊन येते.

कारखाना हे वऱ्हाड सांभाळतो. खाजगी हौशीत ते बहुधा दाराबाहेरच राहते. ब्रेकचेच पाहा. माणसांसह ११०० किलोग्रॅमची गाडी ताशी ७२ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला २० मीटरने धावत असेल तर तिची गतिज ऊर्जा २,२०,००० ज्यूल. नव्या इंजिनाने तिला ताशी १०८ वर नेले, म्हणजे सेकंदाला ३० मीटर, की हीच ऊर्जा ४,९५,००० ज्यूल होते. वेग दीडपट, ऊर्जा सव्वादोनपट. गाडी थांबवताना ही सारी उष्णता जुन्याच ब्रेकड्रमांनी गिळायची! अश्वशक्ती विचारणाऱ्या मंडळींपैकी कोणी ब्रेकड्रमचा व्यास विचारल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

दुसरी गोष्ट रेडिएटरची. नागपूरकरांना ती वेगळी समजावून सांगायला नको. इंजिनातले पाणी ९० अंश सेल्सिअसला आणि बाहेरची हवा २५ अंशांना असेल तर फरक ६५ अंशांचा. मे महिन्यात हवा ४५ अंशांवर गेली की फरक उरतो ४५ चा. रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकणार हे ढोबळमानाने या फरकावर ठरते, म्हणजे त्याची क्षमता जवळपास तीस टक्क्यांनी उतरते. हिवाळ्यात वर्धा रोडवर झकास चाललेली गाडी मेमध्ये सीताबर्डीच्या गर्दीत वाफ सोडते, त्यामागे असे साधे कारण असू शकते. इंजिन मोठे आणि रेडिएटर जुना, असे असेल तर बोलायलाच नको.

पण इंजिनबदल म्हणजे केवळ हौस, असेही आम्ही म्हणणार नाही. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महागले आणि जुन्या पेट्रोल जीप पोसणे कठीण झाले. महिंद्रने स्वतःच प्यूजोचे डिझेल इंजिन घेतले. ते इगतपुरीला तयार होई. त्याचे नाव ‘एक्सडीपी ४.९०’ : चार सिलिंडर, व्यास ९० मिलिमीटर. (नावातच मोजमाप सांगणारी अशी नावे आम्हाला फार आवडतात.) इकडे गावोगावच्या मिस्त्रींनी जुन्या जीप आणि अँबॅसडर यांत मिळेल ते डिझेल इंजिन चढवले. मेटॅडोरचे तर सर्रास. डिझेलचा दाब जास्त, म्हणून इंजिनाची भिंत जाड आणि वजन अधिक. मग पुढचे स्प्रिंग बदला, इंजिनाखालची रबरे बदला. हे सारे तक्त्यांशिवाय, हाताच्या अंदाजाने चाले. त्यातले काही बदल धोकादायक होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण कित्येक गाड्या भंगारात न जाता चालत्या राहिल्या त्या याच कारागिरीमुळे.

आता कायद्याकडे वळू. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ नोंदीशी विसंगत फेरफार करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे ठामपणे सांगितले. याला आमचा विरोध नाही, ब्रेकचे गणित वर दिलेच आहे. आमचे दुखणे २०२१ च्या विंटेज नोंदणीच्या नियमाशी आहे. गाडी पन्नास वर्षांहून जुनी हवी आणि तिच्या चॅसीत, अंगात किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा, अशी त्यात अट आहे. म्हणजे श्रीमंताच्या गॅरेजमध्ये झाकून ठेवलेली गाडी वारसा ठरते. पंचेचाळीस वर्षांपूर्वी डिझेल इंजिन बसवून वैदर्भीय रस्त्यांवर राबलेली जीप मात्र त्यातून वगळली जाते. वास्तविक त्या काळची टंचाई, तेलाचे भाव आणि मिस्त्रीचे कसब यांचा पुरावा या दुसऱ्या गाडीतच आहे. काल-परवा बसवलेले चकचकीत इंजिन आणि सत्तरीतले हे इंजिन यांना नियम एकाच मापाने मोजतो. अशा जुन्या बदलांसाठी वेगळा वर्ग ठेवता आला असता. दुसऱ्या इंजिनाचा क्रमांक, ते बसवल्याचे वर्ष, ब्रेकच्या तपासणीचा निकाल, एवढ्या तीन नोंदी त्यासाठी पुरल्या असत्या.