वाकाटकांची वंशावळ : एका वाचनाची समीक्षा

अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यांतील लेखाचें ब्यूलर यांनीं केलेलें वाचन दीर्घकाळ प्रमाण मानलें गेलें. पहिल्या प्रवरसेनानंतर त्यांनीं रुद्रसेन व पृथिवीषेण हीं नांवें वाचिलीं. अक्षरें झिजलेलीं, अचलपूरजवळील चम्मकच्या ताम्रपटांतील नामावळी मात्र ठाऊक होती. तीवरून हीं नांवें सुचलीं असावींत. गादी एक, म्हणून वंशही एकच, हें गृहीत येथें नडलें.

इ. स. १९३९ मध्यें वाशीम येथें विंध्यशक्तीचा ताम्रपट उजेडांत आला. त्यांत तो सर्वसेनाचा पुत्र व प्रवरसेनाचा नातू आहे. मग महामहोपाध्याय मिराशींनीं अजिंठ्याचा लेख पुन्हा तपासला; रुद्रसेनाच्या जागीं सर्वसेन, पृथिवीषेणाच्या जागीं विंध्यसेन निघाला. म्हणजे राज्य विभागलें होतें. नंदिवर्धनाची शाखा निराळी, वत्सगुल्माची निराळी. प्रवीराचे चार पुत्र राजे झाले, या पुराणवचनास दोन शाखांपुरता तरी आधार मिळाला.

ब्यूलरांची योग्यता यानें उणी होत नाहीं. परंतु वाचलेलें अक्षर व तर्कानें घातलेलें अक्षर संपादकानें वेगळें दाखविलेंच पाहिजे. संग्राहकांसही विनंति कीं, घरचा जुना पत्रा मोडींत जाऊं देऊं नये. वाशीमच्या पत्र्यांनीं एक अख्खी राजशाखा परत दिली आहे.

शेंदूरजनाघाट