खिळ्यांची डोकी

डच वास्तुविशारद डोम हान्स व्हान डेर लान यांचा बाक पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो कुणीतरी घाईत ठोकल्यासारखा वाटतो. पाइनच्या सरळ फळ्या, एकीवर दुसरी ठेवून खिळ्यांनी जोडलेल्या. गोलाई नाही, नक्षी नाही, कातीव पाय नाहीत. सांधा झाकायची खटपट नाही. खिळ्यांची डोकी उघडी दिसतात. मग नजर त्या डोक्यांवरच अडते. ती ओळीत आहेत, त्यांच्यातली अंतरं ठरवून ठेवलेली आहेत, आणि कुठली फळी कुठल्या फळीला धरून आहे हे त्यांच्यावरूनच कळतं. आपल्याकडच्या जेवायच्या पाटाला पितळी फुलं ठोकतात ती शोभेसाठी. ती काढली तरी पाट पाटच राहतो. इथे खिळा काढला तर बाक मोडेल. शोभा आणि काम एकाच ठिकाणी आणायचं म्हणजे काय, ते या बाकावर बोटभर अंतरावरून बघता येतं.

नेदरलँड्सच्या दक्षिण टोकाला, जर्मनीच्या सीमेलगत व्हाल्स नावाचं गाव आहे. त्याच्याजवळ मामेलिस इथे बेनेडिक्टाइन संन्याशांचा सेंट बेनेडिक्टसबर्ग मठ आहे. मठाची मूळ इमारत डॉमिनिकस ब्योम आणि मार्टिन वेबर या जर्मन वास्तुविशारदांनी 1920च्या दशकात बांधली. तिथलं चर्च मात्र व्हान डेर लान यांचं, 1968 साली पुरं झालेलं. चर्च त्यांचं, बाक त्यांचे, मेणबत्तीचे स्तंभ त्यांचे, मिस्सेची, म्हणजे कॅथलिक उपासनेची, वस्त्रं त्यांची, दगडात कोरलेली अक्षरंसुद्धा त्यांनीच जुन्या रोमन शिलालेखांच्या वळणावर आखलेली. एका माणसाने चर्चमधली इतकी कामं एकहाती करावीत ही चैन विसाव्या शतकात फार थोड्यांना मिळाली. यांना मिळाली, कारण ते स्वतः त्याच पंथाचे संन्यासी होते.

1904 साली लायडनमध्ये जन्म, वडील वास्तुविशारद. डेल्फ्टला तीन वर्षं वास्तुकला शिकून पदवी न घेताच बाहेर पडले आणि 1927 साली ऊस्टरहाउटच्या मठात दाखल झाले. तिथे त्यांच्याकडे सॅक्रिस्टीचं काम आलं, म्हणजे मिस्सेची वस्त्रं, पात्रं, मेणबत्त्या यांची देखभाल. वस्त्रं शिवायची कार्यशाळाही त्यांनी उभी केली. मला ही गोष्ट त्यांच्या सगळ्या पुस्तकांपेक्षा महत्त्वाची वाटते. विटांच्या आधी त्यांचा हात कापडाला लागला. कापड माणसाच्या खांद्यावरून कसं उतरतं, किती रुंद असलं म्हणजे फादरांचे हात वर गेल्यावर त्याच्या घड्या नीट पडतात, हे रोज बघणारा माणूस पुढे भिंती आखायला बसला. भरतकामाने ताठ झालेला झगा त्यांना नको होता. त्यांच्या झग्यात कापडाच्या पडण्याखेरीज फारसं काही नसतं. बाकातल्या फळीचंही तेच.

हे साधेपण कशाच्या विरोधात उभं होतं हे कळल्याशिवाय त्याची चव लागत नाही. नेदरलँड्समध्ये कॅथलिकांना सुमारे दोन शतकं उघडपणे चर्चं बांधता येत नव्हती. 1853 साली तिथे बिशपांची व्यवस्था पुन्हा सुरू झाली आणि गावोगावी चर्चं उठू लागली. एवढ्या चर्चांना सामान कुठून आणायचं? रूरमोंडमध्ये पीएर कॉयपर्स यांनी स्टोल्टझेनबर्ग यांच्याबरोबर 1852 सालीच कार्यशाळा काढली होती. तिथून वेदी, प्रवचनपीठं, पापनिवेदनाच्या पेट्या, संतांचे पुतळे देशभर जाऊ लागले. हेच कॉयपर्स पुढे अॅमस्टरडॅमचं राइक्सम्युझियम बांधणारे. टोकदार कमानी, कळस, पानाफुलांची कोरीव महिरप, रंग आणि सोनेरी मुलामा. फादरांच्या घरातही तोच जड, काळसर लाकडाचा थाट. त्या कामाला नाक मुरडायची आजकाल पद्धत आहे, ती मला पटत नाही. उत्तम सुतार आणि मूर्तिकार तिथे राबले, आणि लपूनछपून प्रार्थना केलेल्या समाजाला एकदाचं मिरवायचं होतं. जुन्या गोव्याच्या बॉम जेझूमधली सोनेरी वेदी पाहिलेल्या मराठी माणसाला ही हौस समजावून सांगायला नको.

पुढे कॅथलिक चर्चची दुसरी व्हॅटिकन परिषद झाली. 4 डिसेंबर 1963 रोजी तिने उपासनेबद्दलचा जो दस्तऐवज संमत केला, त्यात भपक्यापेक्षा उदात्त सौंदर्य हवं असं सांगितलं होतं. नेदरलँड्समध्ये त्याचा अर्थ फारच उत्साहाने लावला गेला. वेद्या उखडल्या, पुतळे तळघरात गेले, प्रवचनपीठं जुन्या बाजारात विकली गेली. काही वस्तू वाचल्या आणि संग्रहालयांत पोचल्या. उट्रेख्टचं कॅथरायनकॉन्व्हेंट 1979 साली सुरू झालं, तिथे असं बरंच आहे. रिकाम्या झालेल्या जागेत मग काय ठेवलं? बऱ्याच ठिकाणी सभागृहातल्यासारख्या खुर्च्या.

व्हान डेर लान या लाटेतले नव्हेत. त्यांचं साधेपण तिच्या कितीतरी आधीचं, आणि त्याची मुळं संत बेनेडिक्टच्या नियमावलीत आहेत. तिच्या एकतिसाव्या प्रकरणात मठाच्या कोठाराची देखभाल करणाऱ्याला बजावलं आहे की मठातली सगळी भांडी आणि सगळं सामान वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखंच समजावं. बहुतेक मठांनी हे वाक्य, वस्तू जपून वापरा, एवढ्या अर्थाने घेतलं असावं. व्हान डेर लान यांच्या खोलीतलं टेबल बघितलं की त्यांनी ते शब्दशः घेतल्यासारखं वाटतं. खोलीतलं टेबल, भोजनगृहातला बाक आणि चर्चमधली बैठक एकाच घराण्यातली भावंडं आहेत. वेदीसाठी वेगळी भाषा आणि स्वयंपाकघरासाठी वेगळी असं त्यांनी केलं नाही.

मग वेदी वेदी आहे हे कळतं कशावरून? इथे या कामाची खरी मजा आहे. मामेलिसचं चर्च आत लांबट चौकोनी आहे. चारी बाजूंनी चौकोनी खांब आणि त्यांच्यामागून फिरणारी वाट. विटांच्या भिंतींवर गिलाव्याचा नुसता पातळ हात, त्याखाली विटा कळतात. कमान एकही नाही, खिडक्या उंचावर, काचांत चित्रं नाहीत. रंग कुठे दिलाच असेल तर राखाडी, हिरवट-निळसर, मातीतून काढल्यासारखा. अशा ठिकाणी डोळ्याला धरायला दुसरं काही उरत नाही, म्हणून तो मापं वाचू लागतो. बाक आखूड, वेदी रुंद. खांब जाड, खांबांमधली जागा त्याच्या काही पट. वेदीचा मान तिच्या आकारमानावरून आणि मोकळ्या जागेत ती एकटी उभी आहे यावरून कळतो. सोन्याने जे झटकन सांगितलं असतं ते इथे सावकाश कळतं, आणि थोडं चालावंही लागतं.

मापांची त्यांची एक स्वतंत्र पद्धत होती. 1928 साली त्यांना सापडलेल्या गुणोत्तराला ते प्लास्टिक नंबर म्हणत. ते सुमारे 1.3247, म्हणजे ढोबळमानाने चारास तीन. त्यामागची कल्पना गणितापेक्षा डोळ्याची आहे. खड्यांचा ढीग घेऊन आकारानुसार वेगळे करायला बसलं तर जवळजवळचे खडे आपण एकाच गटात टाकतो. फरक एका मर्यादेपलीकडे गेला की मगच हा निराळा, असं म्हणतो. ती मर्यादा त्यांच्या मते साधारण चारास तीन. त्यावरून त्यांनी आठ मापांची शिडी केली, एकापासून साधारण सातापर्यंत: 1, 4/3, 7/4, 7/3, 3, 4, 16/3, 7. भिंतीची जाडी एक धरली तर तिच्याशी नातं सांगणारी मोकळी जागा सात. सातापलीकडे गेलं की लहान माप मोठ्याच्या हिशेबात धरलंच जात नाही. मग मोठं माप नवा एक धरायचा आणि पुन्हा शिडी चढायची. अशाने फळीपासून अंगणापर्यंत नाती जुळत जातात.

हे सगळं खरं आहे का? डोळा इतका हिशेबी असतो यावर माझा पूर्ण विश्वास नाही. आणि याच पद्धतीने शिकलेल्या सगळ्यांच्या हातून असं काम उतरलं, असंही नाही. युद्धात पडलेली चर्चं पुन्हा उभी करायची म्हणून 1946 पासून डेन बॉश शहरात जे वर्ग चालले, त्यांतून बॉस स्कूल नावाचा संप्रदाय तयार झाला. त्यातली काही चर्चं मापाला चोख आणि बघायला निरस आहेत. शिडी सगळ्यांकडे एकच होती. कुठली पायरी कधी गाळायची हे गुरूला कळत होतं. व्हाल्समध्ये मापं कळत नसली तरी काहीतरी जुळलं आहे एवढं कळतं, आणि माझ्यापुरतं तेवढं पुरे.

त्यांच्या 1977च्या ‘डी आर्किटेक्टोनिसे राउम्टे’ या पुस्तकात सुरुवातीला वहाणेचा दाखला येतो. पाय मऊ, जमीन टणक. वहाण पायाला सोसेल इतकी मऊ आणि जमिनीला पुरून उरेल इतकी टणक. घरही तसंच, माणूस आणि निसर्ग यांच्यामधलं. वस्त्र आणि पात्रं यांचा विचारही ते याच अंगाने करत. हा दाखला मनात ठेवून पुन्हा बाकाकडे यावं, तर माझी एक तक्रार उरतेच. पाठीची फळी सरळ आहे, बैठक सपाट आहे, आणि माणसाची पाठ तशी नसते. वहाणेइतकी मऊ ही बैठक नाही. प्रार्थनेला बसलेल्याने रेलू नये असा त्यात हेतू असेल तर बोलणंच खुंटलं. पण भोजनगृहातही रेलायचं नाही म्हणजे जरा फारच झालं.

बेल्जियममधल्या वासमुन्स्टरजवळ त्यांनी बांधलेला रोझेनबर्ग मठ 1975चा. तिथलं फर्निचर मला व्हाल्सपेक्षा सुखाचं वाटतं. फळी तीच, खिळे तेच, पण खोल्या लहान आणि बाग जवळ असल्यामुळे टेबलाखुर्चीला घरपण आलं आहे. स्वीडनमधल्या टोमेलिलाचा मठ पुरा व्हायच्या आत, 1991 साली, ते गेले.

आता त्यांच्या बाकाच्या आणि स्टुलांच्या प्रतिकृती विकत मिळतात. साध्या लाकडाच्या, खिळ्यांनी ठोकलेल्या या वस्तू आधुनिक दिवाणखान्यात मानाने मांडल्या जातात, आणि त्यांची छायाचित्रं खरोखर सुंदर येतात. पण तिथे फळीची जाडी कुठल्याच भिंतीशी बोलत नाही. शेजारी गुबगुबीत सोफा, मागे प्लास्टर ऑफ पॅरिसचं छत, समोर हातभर रुंद टीव्ही. बाक चांगला दिसतो. वाचता मात्र येत नाही, कारण ज्या खांबांच्या आणि वेदीच्या हिशेबात त्याचं माप बसवलं होतं ते सगळं मामेलिसलाच राहिलेलं असतं.