‘सर्व्हरलेस’ या संज्ञेची मर्यादा

गूगलच्या संशोधकांनी २०१० साली ‘ड्रेमेल’ या प्रणालीवर शोधनिबंध प्रसिद्ध केला. ‘बिगक्वेरी’ हे डेटा वेअरहाउस त्याच पायावर उभे आहे. यंत्रांची मांडणी व देखभाल यांतून अभ्यासकाची सुटका झाली, हे त्याचे श्रेय निर्विवाद होय. परंतु ‘सर्व्हरलेस’ म्हटल्याने सर्व्हर नाहीसे होत नाहीत. ते दृष्टीआड होतात, आणि त्यांच्याबरोबर खर्चाची जाणीवही दृष्टीआड होते. येथे माहिती स्तंभशः साठविलेली असते, व वापरानुसार आकारणीत मोल पडते ते वाचलेल्या बाइटांचे, मिळालेल्या उत्तराचे नव्हे. विभागणी वा क्लस्टरिंग न केलेल्या कोष्टकाचे सर्व स्तंभ मागून शेवटी ‘लिमिट १०’ जोडले, तर हाती १० ओळी येतात. आकारणी मात्र संपूर्ण कोष्टकाच्या वाचनाची होते. उलट, आवश्यक तेवढेच स्तंभ मागितले की खर्च उतरतो. वाचनाचा अंदाज आधी घेण्याची सोयही आहे. तात्पर्य, यंत्राची चिंता सरली तरी प्रश्न नेमका विचारण्याची जबाबदारी वाढलीच आहे. म्हणूनच केवळ क्वेरी लिहावयास शिकवून साठवणीची रचना वगळणारे अध्यापन अपुरे म्हटले पाहिजे.