रास्त मूल्याची संकल्पना : एक चिकित्सा

जमाखर्चाच्या शास्त्रात ‘फेअर व्हॅल्यू’ म्हणून जी संज्ञा रूढ आहे, तिचे मराठी रूपांतर कोणी ‘उचित मूल्य’, कोणी ‘वाजवी मूल्य’, तर कोणी ‘रास्त मूल्य’ असे करतात. तिन्ही शब्दांत एक नैतिक ध्वनी आहे. दुकानदाराने अवाच्या सव्वा भाव सांगितला की गिऱ्हाईक म्हणते, ‘वाजवी काय ते सांगा’. आणि शिधापत्रिकेवर धान्य मिळते त्या दुकानाच्या पाटीवर ‘रास्त भाव दुकान’ अशी अक्षरे असतात. या दुसऱ्या उदाहरणात तर रास्त भाव म्हणजे बाजारभाव नव्हेच. बाजारभाव गरिबास पेलत नाही म्हणून शासनाने मुद्दाम खाली ठरविलेला तो भाव होय. लेखामानकातील रास्त मूल्य नेमके याच्या उलट आहे. तेथे बाजार देईल ती किंमत रास्त. मग ती कोणास परवडो वा न परवडो. ही केवळ भाषांतरातील गंमत असती तर तिचा येथे विचार करण्याचे कारण नव्हते. परंतु ‘कोणाच्या दृष्टीने रास्त?’ हा विशेषणात दडलेला प्रश्न मानकाने सोडविलेला नसून केवळ बाजूस सारला आहे, आणि बाजूस सारलेला हा प्रश्न आडवाटेने परत येतो, असे दिसते.

प्रथम व्याख्या पाहावी. अमेरिकेतील लेखामानक मंडळाने सप्टेंबर २००६ मध्ये १५७ क्रमांकाचे मानक प्रसिद्ध केले. त्यातील व्याख्याच आंतरराष्ट्रीय मंडळाने मे २०११ मध्ये आपल्या तेराव्या मानकात घेतली आणि भारतात २०१५च्या नियमांन्वये ती ‘भारतीय लेखामानक ११३’ या नावाने आली. १ एप्रिल २०१६ पासून मोठ्या कंपन्यांना ही नवी मानके टप्प्याटप्प्याने लागू झाली. व्याख्येचा आशय असा : मोजणीच्या दिवशी, बाजारातील सहभागी व्यक्तींमध्ये सुरळीत व्यवहार झाला असता, मत्ता विकून जी किंमत हाती येईल किंवा देयता दुसऱ्याकडे सोपविण्यास जी किंमत मोजावी लागेल, ती रास्त मूल्य होय. या वाक्यातील व्यवहार सर्वस्वी कल्पित आहे हे ध्यानात घेतले पाहिजे. विक्री झालेली नाही. बहुधा ती करावयाचा विचारही नाही. कंपनीने स्वतःचा हेतू विसरून एका तिऱ्हाइताच्या डोळ्यांनी स्वतःच्या मालाकडे पाहावे, अशी अपेक्षा आहे.

या अपेक्षेमागील युक्तिवाद दुबळा नाही. मूळ खरेदीची किंमत ताळेबंदात धरून ठेवण्याची जुनी रीत शेतजमिनीस वा गिरणीच्या यंत्रास एक वेळ शोभेल. व्याजदराच्या अदलाबदलीच्या करारास ती मुळीच शोभत नाही. असा करार करताना सामान्यतः एक पैसाही द्यावा लागत नाही. खरेदी-किंमत शून्य म्हणून ताळेबंदात शून्य लिहावे, तर सहा महिन्यांनी त्याच करारापोटी कोट्यवधी रुपयांचे देणे उभे राहिलेले असताना कागदावर मात्र काहीच दिसणार नाही. जुन्या रीतीचे अभिमानी या मुद्द्यास सहसा उत्तर देत नाहीत.

अडचण सुरू होते ती देयतांपासून. एखाद्या कंपनीची पत ढासळली की तिच्या कर्जरोख्यांचा भाव उतरतो. ते रोखे तिने रास्त मूल्याने दाखविले असतील, तर देणे तितके कमी झाले असे दिसते आणि फरक नफ्यात जमा होतो. म्हणजे धनकोंचा विश्वास उडाला हीच ऋणकोची कमाई. २०११च्या तिसऱ्या तिमाहीत ‘मॉर्गन स्टॅन्ली’ या अमेरिकन संस्थेच्या उत्पन्नात अशा रीतीने सुमारे ३४० कोटी डॉलरांची भर पडली होती. त्या तिमाहीतील तिचा निव्वळ नफाच सुमारे २२० कोटी डॉलर होता. व्याख्येच्या दृष्टीने यात चूक काहीच नाही. तरीही मानककर्त्यांना ते पाहवले नाही. आंतरराष्ट्रीय नवव्या मानकाने व त्याच धर्तीच्या भारतीय लेखामानक १०९ने, कंपनीने स्वेच्छेने रास्त मूल्याने दाखविलेल्या देयतांच्या बाबतीत, स्वतःच्या पतीमुळे होणारा हा फरक सामान्यतः नफा-तोटा पत्रकाबाहेर, ‘इतर सर्वसमावेशक उत्पन्न’ या सदरात नेऊन ठेवला. आकडा बरोबर आहे, पण त्यास नफा म्हणण्याची लाज वाटते, असा हा निवाडा आहे. तो तर्कशुद्ध नाही, पण शहाणपणाचा आहे.

मत्तेच्या मोजणीसाठी मानकाने तीन पातळ्या सांगितल्या आहेत. पहिल्या पातळीत तंतोतंत त्याच वस्तूचा चालू बाजारातील भाव. दुसरीत तत्सम वस्तूंचे भाव, व्याजदर इत्यादी पाहता येण्याजोगी माहिती. तिसरीत न दिसणारी, म्हणजे मोजणाऱ्याने स्वतः योजिलेली गृहीते. पहिलीविषयी वादास जागा नाही. तिसरीत मात्र ‘बाजारातील सहभागी’ नावाचे पात्र व्यवस्थापनालाच निर्माण करावे लागते आणि त्याच्या तोंडी वाक्येही व्यवस्थापनच घालते. अशा वर्तुळाचा एक जुना दाखला अमेरिकेच्या न्यायालयीन इतिहासात आहे. रेल्वे वगैरे लोकोपयोगी कंपन्यांना त्यांच्या मालमत्तेच्या ‘रास्त मूल्या’वर रास्त परतावा मिळाला पाहिजे, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने १८९८ मध्ये स्मिथ विरुद्ध एम्स या खटल्यात ठरविले. पण रेल्वेचे मूल्य तिच्या मिळकतीवर अवलंबून, मिळकत दरांवर अवलंबून, आणि दर तर मूल्यावरून ठरवावयाचे! या फेऱ्यातून सुटण्यास १९४४चा होप नॅचरल गॅस कंपनीचा निकाल यावा लागला.

भारतातील एका वादाने हा प्रश्न अधिक ठळक केला. बँका आपल्या भांडवलाच्या पूर्ततेसाठी ‘ॲडिशनल टियर-१’ जातीचे बेमुदत रोखे काढतात. मुद्दल परत करण्याचे वचन त्यांत नसते. काही वर्षांनी ते फेडून टाकण्याचा पर्याय मात्र बँकेस असतो. बँका तो पर्याय वापरतात असा अनुभव असल्याने, पर्यायाची तारीख हीच जणू मुदत, असे धरून बाजार त्यांची किंमत करीत असे. मार्च २०२० मध्ये येस बँकेच्या पुनर्रचनेत तिचे सुमारे ८,४०० कोटी रुपयांचे असे रोखे निर्लेखित करण्यात आले, तेव्हा बेमुदत रोखे म्हणजे काय याची जाणीव अनेकांना प्रथमच झाली. पुढे १० मार्च २०२१ रोजी ‘सेबी’ने म्युच्युअल फंडांना आदेश दिला की, मूल्य ठरविताना अशा रोख्यांची मुदत ते काढल्यापासून १०० वर्षे धरावी.

याचा परिणाम एका साध्या हिशेबाने समजतो. दर साल ९ टक्के व्याजाचा १०० रुपयांचा रोखा घ्यावा. बाजाराची अपेक्षा ९ टक्क्यांचीच असेल तोवर मुदत पाच वर्षे धरा की शंभर, किंमत १०० रुपयेच येते. अपेक्षा १० टक्के झाली की मात्र वाटा फुटतात : पाच वर्षांच्या हिशेबाने किंमत सुमारे ९६ रुपये २१ पैसे, शंभर वर्षांच्या हिशेबाने सुमारे ९० रुपये. रोखा तोच, दिवस तोच, अपेक्षित दरही तोच. सहा रुपयांहून अधिक अंतर केवळ एका गृहीताचे आहे.

आदेश निघताच अर्थमंत्रालयाच्या वित्तीय सेवा विभागाने शंभर वर्षांची तरतूद मागे घेण्याची मागणी केली. फंडांच्या युनिटांचे मूल्य घसरेल, ते रोखे विकावयास काढतील आणि बँकांना भांडवल मिळणे कठीण होईल, अशी भीती होती. २२ मार्च २०२१ रोजी सेबीने पायऱ्या बांधून दिल्या : मार्च २०२२ अखेरपर्यंत १० वर्षे, नंतरच्या सहामाहीत २०, त्यापुढील सहामाहीत ३०, आणि एप्रिल २०२३ पासून १०० वर्षे. एकच रोखा दर सहा महिन्यांनी वयाने वाढत जावा, हा प्रकार व्यवहारास सोयीचा असेल. पण यात मूल्यमापन कोठे आहे? या पायऱ्यांवर मोजला गेला तो धक्का सोसण्याचा वेग. त्यात नवे असे काही नव्हते. १३ ऑक्टोबर २००८ रोजी, ऐन अरिष्टात, युरोपीय दडपणाखाली आंतरराष्ट्रीय मंडळाने आपले ३९वे मानक शिथिल करून काही मत्ता रास्त मूल्याच्या वर्गातून बाहेर काढण्याची मुभा दिली होती, आणि तीही त्याच वर्षाच्या १ जुलैपासून पूर्वलक्षी प्रभावाने. किंमत बोचू लागली की व्याख्येचा प्रश्न धोरणाचा होतो, याची ही दोन उदाहरणे.

पुढे हा वाद ‘नॅशनल फायनान्शिअल रिपोर्टिंग ऑथॉरिटी’ या प्राधिकरणाकडे गेला. लेखामानक ११३च्या तत्त्वांनुसार बाजारातील सहभागी ज्या रीतीने किंमत करतात तीच रीत योग्य, असा त्याचा अभिप्राय पडला. त्यास अनुसरून ५ ऑगस्ट २०२४ रोजी सेबीने या रोख्यांचे मूल्य परतफेडीच्या पर्यायाची तारीख धरून ठरवावे असे कळविले. मानकाच्या अक्षरांशी हा अभिप्राय सुसंगत आहे, हे मान्य केले पाहिजे. सेबीची चूक अशी की, कराराची कायदेशीर मुदत आणि बाजाराने मानलेली मुदत यांत तिने कायद्याची बाजू घेतली. मानक तर बाजारास प्रमाण मानते. पण याचाच अर्थ असा की, रास्त मूल्य हे हक्काचे मोजमाप नसून समजुतीचे मोजमाप आहे. कागदावर बँकेने मुद्दल परत करण्याचे वचन दिलेले नाही. बाजार म्हणतो, ती परत करील. समजूत खोटी ठरेपर्यंत समजूतच रास्त. मार्च २०२३ मध्ये ‘क्रेडिट सुईस’चे सुमारे १,६०० कोटी स्विस फ्रँकचे असेच रोखे शून्य झाले आणि भागधारकांना मात्र काही मोबदला मिळाला, तेव्हा अशा समजुतीचा एक नमुना पुन्हा जगापुढे आला.

शिवाय ही समजूत तरी कोणाची? असे रोखे रोज विकले जात नाहीत. व्यवहार न झालेल्या दिवशी मूल्य सुचविणाऱ्या संस्था प्रसंगी फंडांकडूनच अंदाज मागवितात. ज्यांच्या तिजोरीत रोखे आहेत त्यांनाच त्यांचा भाव विचारावयाचा आणि तो बाजाराचा म्हणून नोंदवावयाचा! रेल्वेच्या दरांचा जुना फेरा येथे वेगळ्या रूपाने भेटतो.

आणि येथेच रास्तपणाचा बाजूस सारलेला प्रश्न परततो. कंपनीच्या ताळेबंदात मूल्य थोडे अधिक दिसले तर वाचकाची दिशाभूल होते; म्युच्युअल फंडात तेच मूल्य प्रत्यक्ष रोकड वाटते. युनिट परत करणाऱ्यास त्या दिवशीच्या मूल्याने पैसे मिळतात. ते मूल्य खऱ्यापेक्षा चढे असेल तर बाहेर पडणाऱ्याचा लाभ मागे राहणाऱ्यांच्या खिशातून जातो. उतरते असेल तर उलट घडते. मोठे गुंतवणूकदार वाऱ्याची दिशा आधी ओळखतात. निवृत्तिवेतनाची भर म्हणून फंडात पैसे ठेवणारा सामान्य मनुष्य बहुधा मागे राहणाऱ्यांत असतो. शंभर वर्षांचा आग्रह तत्त्वतः चुकीचा असला, तरी या माणसाच्या रक्षणाची निकड त्यामागे होती. हे त्या आदेशाच्या टीकाकारांनी क्वचितच ध्यानात घेतले.

या दृष्टीने रिझर्व्ह बँकेचा मार्ग अधिक विचारपूर्वक काढलेला वाटतो. १ एप्रिल २०२४ पासून अमलात आलेल्या गुंतवणूकविषयक निर्देशांत तिने बँकांसाठी याच तीन पातळ्या घेतल्या. परंतु तिसऱ्या पातळीवरील न वसूल झालेला निव्वळ नफा मूळ भांडवलातून वजा करावा, आणि नफा-तोटा पत्रकात आलेल्या अशा नफ्यातून लाभांश देऊ नये, असे बजावले. म्हणजे आकडा ताळेबंदात राहू द्यावा, पण त्यावर कोणास पैसे उचलू देऊ नयेत. मोजणी आणि वाटणी यांची ही फारकत लेखामानकात नाही. मानक आकडा देऊन मोकळे होते.

तिसऱ्या पातळीवरील वित्तीय मत्तांच्या बाबतीत, गृहीते बदलली तर मूल्य किती हलेल, हे टिपांत सांगण्याचे बंधन मानक घालते, हे त्याच्या पदरात घातले पाहिजे. पण टिपांतला तो पल्ला ताळेबंदाच्या रकान्यापर्यंत पोचत नाही. फंडाच्या दैनिक मूल्यापर्यंत तर नाहीच. कर्जरोख्यांच्या फंडांचे युनिटमूल्य रोज चार दशांश स्थळांपर्यंत जाहीर होते. ज्या रोख्याची मुदत पाच वर्षे की शंभर, यावर २०२१ ते २०२४ या काळात भारतातील अधिकृत संस्थांचे एकमत होऊ शकले नाही, त्या रोख्याचा हिस्साही त्या चार स्थळांत मिळविलेला असे.