झोर्बाचा नाच आणि क्रीटचे रिंगण

ग्रीक बेटावरचा उत्सव म्हटला की जगभरच्या माणसांना एकच चाल आठवते : संथ सुरू होणारी, हळूहळू वेग घेणारी आणि अखेर धाप लागेपर्यंत धावणारी. मिकिस थिओडोराकिस यांनी ती १९६४ सालच्या ‘झोर्बा द ग्रीक’ या चित्रपटासाठी बांधली. तिच्यावरचा ‘सिर्ताकी’ नाचही त्या चित्रपटासाठीच रचला गेला. योर्गोस प्रोवियास यांनी ‘हासापिको’ या खाटकांच्या जुन्या नाचाची संथ व जलद रूपे त्यात एकत्र आणली. म्हणजे पाहुण्यांना पुरातन म्हणून दाखवला जाणारा हा नाच आपल्या घरातल्या आजोबांहून धाकटा आहे!

त्याच्या नवेपणाबद्दल माझी तक्रार नाही. जुनी म्हणवणारी प्रत्येक रीत कधीतरी नवी होतीच. तक्रार निराळी आहे. ज्या प्रसंगावरून जगाने ग्रीक उत्सव ओळखला, त्या प्रसंगात उत्सवच नाही. डोंगरावरून लाकूड उतरवण्यासाठी उभारलेली सारी यंत्रणा कोसळली आहे, पैसा बुडाला आहे, आणि ओसाड किनाऱ्यावर दोघे जण नाचत आहेत. गाव कुठेच नाही.

क्रीटच्या जत्रेत मात्र आधी गाव असते, मग नाच. १५ ऑगस्टला मेरीमातेचा सण येतो, तेव्हा लीरा वाजू लागते. हे तीन तारांचे वाद्य मांडीवर उभे धरून गजाने वाजवायचे. डाव्या हाताची नखे तारांना कडेने भिडवायची. संथ ‘सिगानोस’ने रिंगण धरले जाते, मग उसळता ‘पेंतोझाली’ येतो. उड्या दाखवायच्या त्या पुढच्या गड्याने. बाकीच्यांनी पावले सांभाळायची. मध्येच कुणी ‘मांतिनादा’ म्हणतो. तिच्या यमक जुळणाऱ्या दोनच ओळी असतात, आणि समोरच्याने तिथल्या तिथे तशाच दोन ओळींत उत्तर द्यायचे.

मूळ कादंबरीचे लेखक निकोस कझान्तझाकिस हे क्रीटचेच. ते या रिंगणाला भुलले नाहीत, ही त्यांची थोरवी. १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या कादंबरीत ईस्टरचा दिवस आहे. लीरा वाजते आहे, तरुण मेंढपाळ बेभान नाचतो आहे. इतक्यात विधवा चर्चमध्ये आल्याची बातमी येते. तिच्यापायी एका मुलाने जीव दिला, हा गावाचा तिच्यावरचा राग. नाच सोडून गाव तिला घेरते, आणि तिचा जीव जातो. रिंगण माणसाला जसे सामावून घेते तसे कोंडतेही, हे इतक्या निर्दयपणे क्वचितच कुणी लिहिले असेल.

दिग्दर्शक काकोयानिस यांनीही त्या हत्येचे भीषणत्व लपवलेले नाही, आणि इरिनी पापास यांची विधवा तर विसरता येत नाही. अँथनी क्विनचा झोर्बाही केवळ आनंदाने नाचणारा नव्हे. पोटचा मुलगा गेला तेव्हा तो नाचलेला आहे. ते दुःख मागे राहिले आणि हॉटेलांच्या अंगणात नुसती चाल पोचली. चित्रपट पाहिलेल्या वाचकांनी कादंबरीतला ईस्टरचा दिवस मुद्दाम वाचावा, आणि मग किनाऱ्यावरचा तो नाच पुन्हा पाहावा.